सोंगट्यांच्या डावात कळलेली एक व्हेकन्सी आणि अँड्र्यू कार्नेगीची ऑफिसातली पहिली नोकरी

कार्नेगी हे नाव घेतलं की निम्म्या लोकांना माणसं कशी जोडावीत हे शिकवणारं पुस्तक आठवतं. ते डेल कार्नेगी. त्यांचा आणि या गोष्टीतल्या गड्याचा काही संबंध नाही. हा अँड्र्यू कार्नेगी. १९०१ मध्ये यानं आपली स्टील कंपनी ४८ कोटी डॉलरला विकली आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत जाऊन बसला.

त्याची गोष्ट सहसा दोन वाक्यांत सांगितली जाते. गरीब पोरगा स्कॉटलंडहून अमेरिकेला गेला, कष्ट केले, अब्जाधीश झाला. पण कष्ट तर त्याच्या बापानंही केले होते. एकाच बोटीतून, एकाच दिवशी दोघं अमेरिकेत उतरले. बाप आयुष्यभर माग चालवत राहिला आणि पोरगा वर्षभरात ऑफिसात पोहोचला. असं कसं झालं, हे बघायचं तर सुरुवात स्कॉटलंडमधल्या एका विणकराच्या घरापासून करावी लागते.

२५ नोव्हेंबर १८३५ ला डनफर्मलाइन नावाच्या गावात अँड्र्यूचा जन्म झाला. वडील विल्यम हातमागावर दमास्क विणायचे. दमास्क म्हणजे नक्षीचं भारी कापड, टेबलावर अंथरायला वापरतात ते. गावात या धंद्याला मान होता, पैसाही बरा होता. मग वाफेवर चालणारे माग आले. १८४७ मध्ये ते थेट डनफर्मलाइनमध्येच सुरू झाले आणि विल्यमला काम मिळेनासं झालं. घर चालवलं ते आईनं, मार्गारेटनं. तिनं छोटं दुकान टाकलं, शिवाय जोडे शिवायचं काम धरलं. तिच्या माहेरचा तो धंदाच होता.

मार्गारेटच्या दोन बहिणी आधीच अमेरिकेत जाऊन स्थायिक झाल्या होत्या. तिकडे जायचं ठरलं. घरातलं सामान आणि माग विकायला काढले, पण मागांना किंमत कोण देणार? तिकिटाला पैसे कमी पडले. आईच्या एका मैत्रिणीनं २० पौंड उसने दिले, तेव्हा कुठे १८४८ मध्ये चौघं ग्लासगोहून निघाले. आई, बाप, १२ वर्षांचा अँड्र्यू आणि धाकटा टॉम. बोटीचं नाव विस्कासेट, आधी देवमासे पकडायला वापरलेली बोट. न्यूयॉर्कला पोहोचायला जवळपास ५० दिवस लागले. तिथून कालवे, तळी, नद्या असं करत पिट्सबर्गला पोहोचायला आणखी तीन आठवडे.

पिट्सबर्गला लागूनच नदीपलीकडे ॲलेगेनी नावाचं गाव होतं. आज ते पिट्सबर्गमध्येच मोडतं. तिथे मावशीच्या मालकीच्या जागेत मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या, तेही भाडं न देता. खाली माग टाकायला जागा होती. बापानं परत विणायला सुरुवात केली आणि टेबलक्लॉथ घेऊन दारोदार विकत फिरायला लागला. विक्री जेमतेमच.

आईनं शेजारच्या एका चांभाराकडून जोडे शिवायचं काम आणलं. दिवसभर घरचं काम आणि मध्यरात्रीपर्यंत शिवण, त्यातून आठवड्याला साधारण ४ डॉलर. छोटा टॉम शेजारी बसून सुयांत दोरा ओवून द्यायचा. घरात एक हिशोब झाला होता. कुणापुढे हात पसरायचा नसेल तर वर्षाला ३०० डॉलर लागतील, म्हणजे महिन्याला २५. हा आकडा अँड्र्यूच्या डोक्यात पक्का बसला.

याच काळात मावशीच्या नवऱ्याच्या, हॉगनच्या, भावानं एक सल्ला दिला. पोरगा चुणचुणीत आहे, टोपलीत किरकोळ वस्तू घेऊन धक्क्यावर विकत फिरला तर चार पैसे मिळवेल. आई शिवण टाकून उभीच राहिली. आपला मुलगा धक्क्यावरच्या टग्यांमध्ये फेरी मारणार, ही कल्पनाच तिला सहन झाली नाही. तिनं त्याला अक्षरशः घराबाहेर काढलं. ती स्वतः रात्र रात्र जोडे शिवत होती, तेव्हा कष्टाची तिला लाज नव्हती. पण कुठलं काम पोराला कुठे नेईल, याचं गणित तिच्याकडे होतं. गंमत म्हणजे पुढे नोकरी आणली ती याच माणसाच्या भावानं, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, हॉगननं.

त्याआधी दोन कारखाने झाले. माग चालेना म्हणून बाप ब्लॅकस्टॉक नावाच्या माणसाच्या कापड गिरणीत लागला आणि त्यानं पोरालाही तिथे चिकटवलं. काम बॉबिन बदलायचं, पगार आठवड्याला १ डॉलर २० सेंट. सकाळी अंधारात जायचं, अंधार पडल्यावर यायचं. मग जॉन हे नावाच्या बॉबिन बनवणाऱ्यानं २ डॉलर देऊ केले. काम मात्र आणखी वाईट होतं. तळघरात एकट्यानं बॉयलर पेटता ठेवायचा आणि छोटं वाफेचं इंजिन चालवायचं. वाफ कमी झाली तर वरचे कामगार ओरडणार, जास्त झाली तर बॉयलर फुटणार. तेरा वर्षांचा हा पोरगा रात्री झोपेत उठून बसायचा आणि वाफेचा काटा बघतोय असं त्याला वाटायचं. घरी त्यानं यातलं काही सांगितलं नाही. प्रत्येकाला आपापलं ओझं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ब्लॅकस्टॉक स्कॉटिश होता. जॉन हे सुद्धा स्कॉटिश. म्हणजे अनोळखी देशात आलेल्या या कुटुंबाला पहिली दोन्ही कामं आपल्याच मुलखातल्या माणसांकडे मिळाली. स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस म्हणून कार्नेगीचं उदाहरण देणारे हा भाग गाळतात.

जॉन हेकडे कारकून नव्हता आणि त्याचं स्वतःचं अक्षर यथातथाच होतं. एक दिवस त्याला बिलं लिहायची होती. त्यानं अँड्र्यूला लिहून दाखवायला सांगितलं. अक्षर पसंत पडलं, बेरजा-वजाबाक्याही जमत होत्या. तेव्हापासून बिलं अँड्र्यू लिहायला लागला. पण बिलं काय रोज नसायची. उरलेल्या वेळात तयार बॉबिन तेलाच्या पिंपात बुडवायच्या. त्या वासानं त्याला उलटी व्हायची. हा वास आयुष्यभर त्याच्या पोटात राहिला म्हणतात.

पण बिलं लिहिताना त्याला एक गोष्ट कळली. जॉन हेच्या वह्या एकेरी नोंदीच्या होत्या. मोठ्या कंपन्यांमध्ये मात्र हिशोब दुहेरी नोंदीनं ठेवतात, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमेला आणि नावे असा दोन्हीकडे लिहायचा. ज्याला हे येतं त्याला ऑफिसात जागा आहे. मग त्या हिवाळ्यात अँड्र्यू आणि त्याचे तीन मित्र, दिवसभराचं काम संपवून, रात्री नदी ओलांडून पिट्सबर्गला एका शिक्षकाकडे दुहेरी नोंद शिकायला जायला लागले. अंगाला तेलाचा वास येणारा पोरगा रात्री जमाखर्च शिकतोय, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. नोकरी अजून कुठेच नव्हती.

ती आली १८४९ मध्ये, आणि एकदम भलत्याच वाटेनं.

हॉगनला ड्राफ्ट्स खेळायचा नाद होता. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पटावर सोंगट्यांचा खेळ असतो, तो. त्याचा एक खेळगडी होता डेव्हिड ब्रुक्स, पिट्सबर्गच्या तार ऑफिसचा मॅनेजर. तार म्हणजे तेव्हाचं एकदम नवं तंत्रज्ञान. अमेरिकेत पहिली तारेची लाइन सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. खेळता खेळता ब्रुक्सनं सहज विचारलं, की तारा पोहोचवायला एखादा चांगला पोरगा माहितीये का. हॉगननं भाच्याचं नाव सांगितलं आणि घरी विचारून सांगतो म्हणाला.

जाहिरात नाही, अर्ज नाही. हॉगन त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबर खेळत बसला असता तर ही जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली असती.

घरी मात्र वाद झाला. आई लगेच तयार. बाप नको म्हणाला. पोरगा लहान आहे, अंगानं किरकोळ आहे, रात्री-बेरात्री तार घेऊन आडगावी जावं लागलं तर काय करायचं? आठवड्याला अडीच डॉलर देतायत म्हणजे मोठा मुलगा हवा असणार. बापाचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण तळघरातल्या बॉयलरपेक्षा हे वाईट कसं असेल, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शेवटी तो राजी झाला.

मुलाखतीच्या दिवशी अँड्र्यूनं रविवारी चर्चला घालायचा एकमेव चांगला शर्ट आणि निळं जाकीट घातलं. बाप सोबत आला. दोघं ॲलेगेनीहून पिट्सबर्गपर्यंत चालत गेले. तार ऑफिस फोर्थ आणि वुड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, वरच्या मजल्यावर. दारात पोहोचल्यावर पोरानं बापाला खालीच थांबायला सांगितलं आणि एकटाच वर गेला.

का? मोठेपणी त्यानं स्वतःच याचं कारण लिहून ठेवलंय. तोपर्यंत त्याला आपण थोडे अमेरिकन झालोय असं वाटायला लागलं होतं. सुरुवातीला पोरं त्याला स्कॉच म्हणून चिडवायची, ते त्यानं अंगावर घेतलं होतं. पण साहेबासमोर आपण जास्त चांगले दिसू, जर शेजारी अस्सल स्कॉटिश बाप उभा नसेल तर, असं त्याला वाटलं. ज्यांनी आईबापांना सोबत घेऊन नव्या शहरात पाय ठेवलाय, त्यांना हा रस्त्यावरचा कोपरा ओळखीचा वाटेल. विल्यम खाली थांबला. तो तिथे उभा राहून काय विचार करत होता, हे कुणी लिहिलेलं नाही.

वर मुलाखत छोटीच झाली. अँड्र्यूनं आधीच सांगून टाकलं की आपल्याला पिट्सबर्ग माहीत नाही, अंगात फार ताकदही नाही, पण एक संधी हवी. ब्रुक्सनं विचारलं, कधीपासून येशील? हवं तर आत्तापासून, असं त्यानं सांगितलं. आणि तो खरोखर तिथेच थांबला. जागा रिकामी ठेवून घरी गेलो तर उद्या दुसरा कुणी येऊन बसेल, ही भीती होती. दुसऱ्या पोऱ्यानं त्याला काम दाखवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं संधी साधून तो पळत खाली गेला, बापाला सांगितलं की झालं, आईला कळवा.

नोकरी लागली, पण आता खरी अडचण पुढे होती. तार पोहोचवायची तर पत्ते माहीत हवेत, आणि या पोराला शहर ठाऊक नव्हतं. गावातच वाढलेल्या पोराला जे फुकट मिळतं ते याला कमवायचं होतं. त्यानं रस्ता धरून पाठांतर सुरू केलं. एका बाजूनं सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत वर जायचं, दुसऱ्या बाजूनं खाली यायचं. रात्री झोपण्यापूर्वी डोळे मिटून क्रमानं सगळी नावं म्हणायची. काही दिवसांत सगळा व्यापारी भाग पाठ झाला. मग त्यानं माणसांचे चेहरे लक्षात ठेवायला सुरुवात केली. साहेब रस्त्यातच भेटले की तार हातात द्यायची, नाव घेऊन. फेरा वाचायचा आणि मोठ्या माणसाला हा पोऱ्या लक्षात राहायचा.

पिट्सबर्गमधल्या सगळ्या धंद्यांची खबर या तारांमधून जायची. कोण कुणाला माल विकतंय, कुणाचे पैसे अडकलेत, भाव कुठे चढलाय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एवढं बघायला मिळणारी दुसरी जागा त्या शहरात क्वचितच असेल.

पुढे आणखी पोरं हवी होती, तेव्हा अँड्र्यूनं आपल्या ओळखीतल्या रॉबर्ट पिटकेर्नचं नाव सुचवलं. तोही स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. म्हणजे हॉगननं जे याच्यासाठी केलं, ते यानं पुढच्यासाठी केलं. त्या ऑफिसातल्या पोऱ्यांपैकी पिटकेर्न पुढे रेल्वेचा बडा अधिकारी झाला, डेव्हिड मॅककार्गो दुसऱ्या रेल्वेचा सुपरिंटेंडंट, हेन्री ऑलिव्हर लोखंडाच्या धंद्यातला मोठा माणूस. लांबची तार पोहोचवली की वर १० सेंट मिळायचे, त्यावरून या पोरांची भांडणं व्हायची. अँड्र्यूनं तोडगा काढला की सगळे पैसे एकत्र जमवायचे आणि आठवड्याला वाटून घ्यायचे. खजिनदार अर्थातच तो.

एका पगाराच्या दिवशी मॅनेजरनं सगळ्या पोरांना रांगेत पैसे दिले आणि अँड्र्यूला सोडून पुढे गेला. याला वाटलं, गेली नोकरी. पण मॅनेजरनं त्याला बाजूला बोलावून महिन्याला ११.२५ ऐवजी १३.५० डॉलर हातात ठेवले. पोरगा पळतच घरी गेला. आईला नेहमीचे ११.२५ दिले, वरचे २.२५ खिशातच. रात्री अंथरुणात टॉमला गुपित सांगितलं. दोघं भाऊ अंधारात पुढे काय काय करायचं याची स्वप्नं रंगवत बसले. रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी त्यानं ते पैसे टेबलावर ठेवले. नंतर कोट्यवधी डॉलर मिळवूनही त्या सव्वादोन डॉलरची सर कशाला आली नाही, असंच तो सांगायचा. यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पोऱ्यांना सकाळी लवकर येऊन ऑफिस झाडावं लागे. ऑपरेटर येईपर्यंत यंत्रं मोकळी असायची. तेवढ्या वेळात तो मोर्स शिकला. तेव्हा यंत्र कागदाच्या पट्टीवर टिंब-रेघा उमटवायचं आणि ते वाचून मजकूर लिहून घेतला जायचा. अँड्र्यू पट्टी न बघता नुसत्या टकटक आवाजावरून तार लिहायला लागला. असं करणारे तेव्हा अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, लोक बघायला यायचे. १८५१ च्या सुमारास तो ऑपरेटर झाला आणि लवकरच पगार महिन्याला २५ डॉलर झाला. घरच्या हिशोबातला तोच आकडा.

याच काळात पुरामुळे तारेची लाइन तुटली म्हणून त्याला ओहायो नदीकाठी पाठवलं होतं. तिथे त्याला नदीच्या बोटीवर बाप भेटला. विणलेले टेबलक्लॉथ विकायला सिनसिनाटीकडे निघालेला. केबिनचे पैसे परवडत नव्हते म्हणून रात्र उघड्या डेकवर काढणार होता. पोरगा तेव्हा ऑफिसात बसून पगार घेत होता. त्यानं बापाला समजावलं, की लवकरच तुम्ही आणि आई स्वतःच्या गाडीतून फिराल. विल्यम मोजकं बोलणारा माणूस, कौतुक तर फारच क्वचित. त्यानं मुलाचा हात धरून आपल्याला त्याचा अभिमान वाटतो एवढं सांगितलं. ती गाडी त्याच्या नशिबात नव्हती. १८५५ मध्ये तो गेला.

पुढचं भराभर घडलं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा थॉमस स्कॉट तार ऑफिसात नेहमी यायचा. १८५३ मध्ये त्यानं या पोराला महिना ३५ डॉलरवर आपला कारकून आणि ऑपरेटर म्हणून उचललं. एका सकाळी अपघातानं सगळी लाइन ठप्प झाली आणि स्कॉटचा पत्ता नव्हता. गाड्या सोडायचा हुकूम फक्त स्कॉट देऊ शकायचा. कार्नेगीनं स्कॉटच्या नावानं तारा पाठवून एकेक गाडी हलवली. चुकलं असतं तर नोकरी गेलीच असती, कदाचित माणसंही मेली असती. चुकलं नाही. १८५९ मध्ये, २४ व्या वर्षी, तो स्कॉटच्याच खुर्चीत बसला, वर्षाला १५०० डॉलरवर. पहिले शेअरही त्यानं स्कॉटच्या सांगण्यावरून घेतले. मग पूल, लोखंड आणि १८७५ पासून स्टील.

मात्र हीच गोष्ट सगळ्या परक्या पोरांना लागू होते असं त्याला वाटायला लागलं, तिथे घोळ आहे. त्याच्या कारखान्यांत नंतर पूर्व युरोपातून आलेले हजारो लोक १२-१२ तास भट्टीसमोर उभे असायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हती, बिलं लिहून दाखवण्याइतकं अक्षर तर लांबच. त्यांच्या ओळखीतलं कुणी तार ऑफिसच्या मॅनेजरबरोबर सोंगट्या खेळत नव्हतं. कार्नेगीला निदान भाषा आयती मिळाली होती.

१८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात पगारकपातीवरून संघर्ष पेटला. ६ जुलैला कंपनीनं बोलावलेले जवळपास ३०० पिंकर्टन एजंट बोटींतून आले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर होता. कारभार हेन्री फ्रिक बघत होता, पण त्याच्या कडक धोरणाला कार्नेगीचा पाठिंबा होता. युनियन मोडली. हातमाग बुडालेल्या विणकराच्या पोराच्या नावावर हा डाग कायमचा लागला.

ऑफिसातल्या दिवसांचं आणखी एक देणं त्याच्याकडे होतं. ॲलेगेनीत कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपली ४०० पुस्तकं कामकरी मुलांसाठी खुली केली होती, दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं. नंतर लायब्ररी मोठी झाली तेव्हा नियम आला, की कारागिराच्या हाताखाली शिकाऊ असलेल्यांनाच फुकट, बाकीच्यांना वर्षाला २ डॉलर फी. तार ऑफिसातला पोरगा हातानं काम करत नाही, म्हणजे तो कामकरी नाही, असा अर्थ. अँड्र्यूनं १८५३ मध्ये थेट पिट्सबर्ग डिस्पॅच या पेपरला पत्र पाठवलं आणि आपणही कामकरीच आहोत असा युक्तिवाद केला. फी माफ झाली.

१८८१ मध्ये तो आईला घेऊन डनफर्मलाइनला गेला. चार घोड्यांच्या गाडीतून गावात शिरलेल्या मार्गारेटनं तिथल्या नव्या लायब्ररीची पायाभरणी केली. त्यानंतर जगभर त्याच्या पैशातून २५०० हून जास्त लायब्रऱ्या उभ्या राहिल्या. ११ ऑगस्ट १९१९ ला तो गेला, तोपर्यंत बहुतेक संपत्ती वाटून झाली होती. ॲलेगेनीतल्या लायब्ररीशेजारी त्यानं १९०४ मध्ये कर्नल अँडरसनचं स्मारक बांधलं. त्यात एक तरुण कामगार ऐरणीवर बसून पुस्तक वाचतोय.